तीन आठवड्यांचा पुरावा

मंडळी, आज जरा वेगळा विषय. आयुष्यभर इतिहास शिकवला आणि पुरावा नसेल तर विधान करू नका, हे मुलांच्या कानीकपाळी ओरडत आलो. पण घराघरांत एक इतिहास असा असतो की त्यात पुरावा सापडत नाही आणि दोषी मात्र हमखास ठरते. ती म्हणजे कर्णबधिर बाळाची आई.

आमच्या सातारा-सांगलीकडे मूल दोन वर्षांचं होऊनही बोलेना, हाकेला वळेना, की चौकशी सुरू व्हायची. हिनं ग्रहण पाळलं नसेल, विळीवर काही चिरलं असेल, देवाचं काही राहिलं असेल. बापाची चौकशी कोणी केलेली मी तरी पाहिली नाही.

या समजुतींवर घाव घालणारा माणूसही इथलाच. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २०१३ साली पुण्यात त्यांचा खून झाला, तरी काम थांबलं नाही. २०२० च्या जूनमधल्या सूर्यग्रहणात सांगली जिल्ह्यातल्या एका गरोदर स्त्रीनं कार्यकर्त्यांसमोर मुद्दाम भाजी चिरून दाखवली.

पण ग्रहणानं होत नाही, मग कशानं होतं? हे सांगितलं नाही तर जुनंच उत्तर परत येऊन बसतं. जवळच्या नात्यातली लग्नं हे एक कारण, आणि ती आपल्या भागात पुष्कळ. जन्मानंतरची जोराची कावीळ, मेंदूज्वर हीही कारणं. आणि एक कारण असं, की ज्याचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नाही: सायटोमेगॅलो व्हायरस, डॉक्टरांच्या भाषेत सीएमव्ही.

याचा शोध मोठा रेंगाळत लागला. १८८१ साली जर्मनीत रिबर्ट नावाच्या डॉक्टरांना मृत जन्मलेल्या बाळाच्या मूत्रपिंडात अवाढव्य पेशी दिसल्या. १९०४ च्या सुमारास काही जणांना ते अमिबासारखे जीव वाटले. हा विषाणू आहे हे प्रयोगशाळेत सिद्ध व्हायला १९५६-५७ साल उजाडलं. अमेरिकेत मार्गारेट स्मिथ, रो आणि वेलर या तिघांनी आपापल्या ठिकाणी तो वेगळा काढला. १९६० मध्ये वेलर यांनी त्याला आजचं नाव दिलं.

आज जगभरात साधारण दोनशे बाळांमागे एक बाळ हा संसर्ग घेऊन जन्मतं. गरीब देशांत प्रमाण त्याहून जास्त. त्यातल्या सुमारे पाचातल्या एकाला पुढे त्रास होतो, मुख्यतः बहिरेपणा, कधी बुद्धीच्या वाढीत अडथळा. आपल्याकडे बहुतेक स्त्रियांना हा संसर्ग लहानपणीच होऊन गेलेला असतो, म्हणून इथे काळजी नाही असं बराच काळ मानलं गेलं. पण तो शरीरात दडून राहतो, पुन्हा जागा होतो किंवा नव्यानं होतो, आणि तेव्हाही पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतो.

आता इतिहासाच्या शिक्षकाला चटका लावणारी गोष्ट. हा संसर्ग जन्मापासूनचा, हे खात्रीनं सांगायचं तर बाळाची लाळ किंवा लघवी पहिल्या तीन आठवड्यांत तपासावी लागते. नंतर सापडला तर तो जन्मानंतरही झालेला असू शकतो. शिवाय जन्मतः ऐकू येणाऱ्या बाळाचं ऐकणं पुढे कमी होऊ शकतं. म्हणजे घरच्यांच्या लक्षात येईतो पुरावा गेलेला असतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं २०१९ पासून आणि अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यानं २०२३ पासून सर्वच नवजात बाळांची तपासणी सुरू केली. आपल्याकडे अशी सरसकट तपासणी नाही.

असाच दुसरा आजार रुबेला. १९४१ साली सिडनीतले नेत्रतज्ज्ञ ग्रेग यांनी आयांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, म्हणून त्याचा बाळांच्या मोतीबिंदूशी संबंध कळला. पुढे लस आली. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत मुलांना ती टोचली गेली. सीएमव्हीवर मात्र अजून लस नाही.

तो मुख्यतः लहान मुलांच्या लाळेतून, लघवीतून पसरतो. म्हणून गरोदरपणी थोरल्याचा उष्टा घास खाऊ नये, दुपटी बदलल्यावर हात साबणानं धुवावेत, एवढी काळजी घेता येते. पण हे सांगताना भीती वाटते, की उद्या घरातले म्हणतील, "उष्टं खाल्लंस म्हणून झालं." उष्टं खाणं ही बाईची चूक नव्हे. ताटात टाकलेलं वाया जाऊ नये म्हणून तीच ते संपवत आली आहे.

तेव्हा नातलगांनो, बाळ हाकेला वळत नसेल तर "याचा बापही उशिराच बोलला होता" म्हणून थांबू नका. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचाही समावेश आहे. सरकारी दवाखान्यात चौकशी करा, पहिली तपासणी चांगली आली तरी शंका असल्यास पुन्हा करून घ्या. आणि कारण सापडलं नाही, तर कारण माहीत नाही एवढंच म्हणा. सुनेच्या माथी काही मारू नका.