लोखंडी धांवेपासून रबरी टायरापर्यंत

बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धांव तापवून चढवी आणि पाणी ओतून ती आंवळून घेई. उन्हाळ्यांत लांकूड सुकलें कीं धांव सैल पडे. पण गळून पडण्यापूर्वीं ती खडखडाट करून गाडीवानाला इशारा देई. रबरी टायर मात्र मुकाट्यानें झिजतो. म्हणूनच त्याचा इतिहास जितका शोधांचा, तितकाच तपासणीचाहि आहे.

१८३९ सालीं अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यांनीं गंधक व उष्णता यांच्या योगानें रबर टिकाऊ केलें. १८४५ सालीं रॉबर्ट टॉमसन या तरुण स्कॉटिश गृहस्थांनीं हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें. परंतु तो शोध विस्मृतींत गेला. पुढें बेल्फास्टचे गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच युक्ति स्वतंत्रपणें शोधून १८८८ सालीं पेटंट मिळविलें. धक्के गेले खरे. पण गाडीचा सारा भार आतां डोळ्यांना न दिसणाऱ्या हवेवर आला.

हवा कमी असली तर टायराच्या दोन्ही कडा आधीं झिजतात; फाजील असली तर मधला पट्टा झिजतो. झीज एकाच कडेला दिसली, तर बहुधा चाकांची जुळणी बिघडलेली असते. टायरावरील खांचा शोभेसाठीं नसून पावसाच्या पाण्याला वाट देण्यासाठीं असतात. १९६३ सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेंतील वॉल्टर हॉर्न व रॉबर्ट ड्रेहर यांनीं दाखवून दिलें कीं, विशिष्ट वेगानंतर टायर रस्ता सोडून पाण्याच्या थरावर तरंगूं लागतो, आणि हवेचा दाब जितका कमी, तितक्या कमी वेगांत हें घडतें. अशा वेळीं ब्रेक लावूनहि उपयोग होत नाहीं.

अखेर कायद्यानें झिजेला माप लावलें. १९६८ सालापासून अमेरिकेंत खांचांच्या तळाशीं रबराचे आडवे उंचवटे ठेवणें सक्तीचें झालें. खांच १.६ मिलिमीटर उरली कीं ते पृष्ठभागाशीं समपातळीत येतात. म्हणजे टायर बदलण्याची वेळ झाली. भारताच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतहि मोटारींसाठीं हेंच माप आढळतें.

तरीहि नुसत्या खांचा पाहून भागत नाहीं. २००० सालीं अमेरिकेंत फायरस्टोन कंपनीनें सुमारें पासष्ट लाख टायर परत मागविले. वेगांत असतांना त्यांचा वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या. त्यांत अडीचशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. दोष टायराचा, गाडीचा, कीं हवेच्या कमी दाबाचा, यावर टायर कंपनी व फोर्ड मोटार कंपनी यांच्यांत मोठा वाद माजला. कमी हवेचा टायर धांवतांना अधिक वांकतो, वांकल्यानें तापतो, आणि तापल्यानें त्याचे थर सैल होतात, हें मात्र निर्विवाद होतें. त्याच वर्षीं झालेल्या कायद्यामुळें पुढें नव्या गाड्यांत कमी दाबाची सूचना देणारा दिवा आला.

परंतु दिवा लागतो तो दाब बराच उतरल्यावर. टायर गार असतांना महिन्यांतून एकदां मापकानें दाब पाहणें, खांचांत अडकलेले खडे व खिळे काढणें, बाजूच्या भेगा व फुगवटे न्याहाळणें, यास दहा मिनिटेंहि लागत नाहींत. इतकें झालें, तर मुक्या टायराचा इशाराहि वेळेवर समजतो.