लोकल सुटली, पण पुढे?



२० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्टेशनात माणसं रुळांवर उतरली. कितीतरी तास लोकल अडून राहिली. शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला होता आणि तक्रार नोंदवून घ्यायलाच उशीर झाला होता. उच्च न्यायालयाने पुढे पोलिसांना त्यावरून फटकारलं. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. अनेकांना वाटलं, विषय संपला.

त्या दिवसांत उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, आमच्या सगळ्याच गटांत बोलणं तेच. आणि खरं सांगतो, आमच्या तोंडी पहिला प्रश्न होता, "कुणाची गं मुलगी? राहते कुठे?"

हा प्रश्न किती जखम करतो, हे कायद्यालाही उशिराच कळलं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, हेही एक कारण. भीतीने अंग गोठतं, आवाज फुटत नाही, हे त्या निकालात ध्यानात घेतलं गेलं नाही. देशभर बायका उठल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख छापणं गुन्हा ठरलं.

मग २०१२ चा पोक्सो कायदा आला. तो मुलींना आणि मुलग्यांनाही लागू आहे. लेकराचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा. पोलिसाने गणवेश घालायचा नाही. रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. कोर्टात पुन्हापुन्हा बोलवायचं नाही. कारण प्रत्येक वेळी सांगताना लेकरू ते पुन्हा भोगतं. २०१३ पासून राज्याची मनोधैर्य योजनाही आहे. तिच्यात पैशांच्या मदतीसोबत समुपदेशन मिळतं. चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करायची.

पण कायदा रात्री उशाशी बसत नाही. लेकरू झोपेत दचकतं, अंथरूण ओलं करतं, शाळेचं नाव काढलं की रडतं. मोठी मुलं गप्प होतात, नाहीतर चिडचिडी. हे नाटक नव्हे. महिनोन् महिने चालतं.

म्हणून आम्ही गटात ठरवलं आहे. नाव विचारायचं नाही. लेकराने आपणहून सांगितलं तर ऐकायचं, "तुझी चूक नाही" म्हणायचं. १०९८ ला फोन करायचा. आईसोबत ठाण्यात, कोर्टात, दवाखान्यात पाळीपाळीने जायचं. तिचा हप्ता राहिला तर गटाने सांभाळून घ्यायचं.

रूळ एक दिवस अडवता येतात. सोबत मात्र वर्षानुवर्षं करावी लागते.