उपचार हाच प्रतिबंध : एका कल्पनेचा भारतीय इतिहास

विषाणूशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. माझे शिक्षण भौतिकशास्त्रातले. एचआयव्हीच्या इतिहासाकडे माझे लक्ष वळले ते एका आलेखामुळे. १९९६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात डेव्हिड हो, लॉस अ‍ॅलॅमॉस प्रयोगशाळेतील अ‍ॅलन पेरेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. पाच रुग्णांना प्रभावी औषध दिल्यावर त्यांच्या रक्तातील विषाणूंची संख्या तासागणिक कशी घसरते, हे त्यात मोजले होते. किरणोत्सर्गी मूलद्रव्याच्या ऱ्हासाचा जो वक्र आम्ही पदवीच्या वर्गात काढतो, तोच येथे होता. रक्तातील विषाणूचे अर्धायुष्य सुमारे सहा तास, आणि त्याला जन्म देणाऱ्या बाधित पेशीचे सरासरी आयुष्य सुमारे दोन दिवस. यावरून गणित मांडले तेव्हा दिसले, की बाधित शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात आणि जवळपास तितकेच नष्ट होतात. बाहेरून वर्षानुवर्षे शांत भासणाऱ्या या आजाराच्या आत अखंड युद्ध चालू होते.

या मोजमापातून निघणारा एक निष्कर्ष त्या वेळी फारसा कोणी मोठ्याने उच्चारला नाही. औषधाने रक्तातील विषाणू इतके कमी होत असतील, तर त्या व्यक्तीकडून दुसऱ्याला होणारा संसर्गही थांबावयास हवा. हा विचार सिद्ध होण्यास पंधरा वर्षे लागली. त्या सिद्धतेत चेन्नई आणि पुणे या दोन शहरांचा वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

आरंभ अर्थातच चाचणीपासून. मद्रास मेडिकल कॉलेजमधील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. सुनीती सॉलोमन यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला प्रबंधासाठी एड्सचा शोध घेण्याचा विषय सुचविला. हा रोग पाश्चात्त्यांचा, आपल्या संस्कारी देशात तो कोठून येणार, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना ठेवल्या जाणाऱ्या शासकीय निवासातून रक्ताचे सुमारे ऐंशी नमुने गोळा केले. मद्रासमध्ये तपासणीची सोय नव्हती, म्हणून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये नेण्यात आले. तेथे सहा नमुने बाधित निघाले आणि पुढे अमेरिकेतील तपासणीत त्यांची पुष्टी झाली. साल १९८६. ज्यांचे रक्त घेतले, त्या स्त्रियांना ते कशासाठी घेतले हे सांगितलेले नव्हते. या शोधाचा गौरव करताना ही गोष्ट वगळू नये, असे मला वाटते.

डॉ. सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावे वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन व शिक्षण केंद्र स्थापन केले. इतर ठिकाणी ज्यांना दारातून परत पाठविले जाई, असे रुग्ण तेथे येत.

त्या काळी चाचणी करून घेणाऱ्याच्या पदरात काय पडे, हे पाहायचे तर गोव्यातील डॉमिनिक डिसोझा यांचे उदाहरण पुरेसे आहे. हा तरुण नियमित रक्तदान करीत असे. १९८९ मध्ये त्याचे रक्त बाधित आढळले, आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील तरतुदीनुसार त्याला म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग आरोग्यधामात ६४ दिवस डांबून ठेवण्यात आले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. उपचार काहीच नव्हते, आणि निदानाचे फळ बंदिवास. अशा स्थितीत ‘लवकर चाचणी करा’ हा सल्ला कोणी कोणत्या तोंडाने द्यावा? चाचणीविषयीची भीती ही केवळ अज्ञानातून आली, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

पुण्यात १९९२ मध्ये भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देहविक्रयाशी कोणताही संबंध नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित होत्या. यांतील बहुसंख्य विवाहित होत्या आणि पतीखेरीज दुसऱ्या कोणाशी त्यांचा संबंध आलेला नव्हता. ‘एकनिष्ठ राहा’ हा भिंतींवर रंगविलेला संदेश त्यांनी तंतोतंत पाळला होता. निरोध वापरण्याचा निर्णय त्यांच्या हाती नव्हता. त्यांच्यासाठी खरे संरक्षण एकच होते : पतीचे निदान वेळेत होणे आणि त्याच्या रक्तातील विषाणू आटोक्यात येणे.

पण औषधे होती कोठे? तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती १९९६ पासून उपलब्ध होती. तिचा खर्च मात्र एका रुग्णामागे वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर इतका होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीच औषधे ३५० डॉलरला देऊ केली आणि जगभरचे चित्र पालटले. विपर्यास असा, की ज्या देशात ही स्वस्त औषधे बनत होती, त्या देशाच्या सरकारने ती मोफत देण्यास १ एप्रिल २००४ उजाडला. तेही प्रारंभी सहा अधिक प्रादुर्भावाच्या राज्यांत व दिल्लीत, मिळून आठ रुग्णालयांत. शिवाय रुग्णाच्या सीडी४ पेशी पुरेशा घटेपर्यंत औषध सुरू करावयाचे नाही, असा तेव्हाचा दंडक होता. निरोगी माणसात या पेशी दर घनमिलिमीटरला साधारण पाचशे ते पंधराशे असतात. औषधाची वेळ येई ती दोनशेच्या आसपास. तोपर्यंत अनेक वर्षे लोटलेली असत, आणि त्या काळात विषाणू जोडीदारापर्यंत पोहोचलेला असे.

येथे ‘एचपीटीएन ०५२’ ही चाचणी येते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे मायरन कोहेन तिचे प्रमुख होते. नऊ देशांतील १,७६३ जोडपी निवडली गेली. प्रत्येकात एक जोडीदार बाधित, दुसरा अबाधित. बाधित जोडीदाराच्या सीडी४ पेशी ३५० ते ५५० दरम्यान, म्हणजे तत्कालीन नियमांनुसार औषधाची ‘गरज नसलेल्या’. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला उपचार तत्काळ, दुसऱ्याला पेशी २५० च्या खाली गेल्यावर. समुपदेशन व निरोध दोघांनाही. भारतातील केंद्रे होती चेन्नईचे गायतोंडे केंद्र आणि पुण्याची राष्ट्रीय संस्था.

मे २०११ मध्ये देखरेख समितीने नियोजित मुदतीच्या कितीतरी आधी निकाल जाहीर करावयास लावला. जोडीदाराकडूनच आलेला संसर्ग, असे विषाणूच्या जनुकीय तुलनेतून निश्चित झालेल्या घटना २८. त्यांपैकी २७ उशिरा उपचारांच्या गटात, आणि लवकर उपचारांच्या गटात अवघी एक. तीही उपचार नुकते सुरू होण्याच्या सुमाराची. संसर्गात ९६ टक्के घट. प्रयोगशाळेत असा स्पष्ट संकेत आम्हाला क्वचितच मिळतो. मिळाला तर आधी उपकरणावर संशय घेतो. ‘सायन्स’ने त्या वर्षीचे सर्वांत महत्त्वाचे संशोधन म्हणून याची निवड केली.

तरीही भारताने निदान होताच सर्वांना उपचार देण्याचे धोरण स्वीकारले ते एप्रिल २०१७ मध्ये. सहा वर्षांच्या या विलंबाला केवळ सरकारी दिरंगाई म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. एक नैतिक प्रश्न खरोखरच शिल्लक होता : दुसऱ्याच्या रक्षणासाठी एका माणसाला जन्मभर औषध घ्यावयास सांगावे काय? त्याचे स्वतःचे हित काय? याचे उत्तर २०१५ च्या ‘स्टार्ट’ चाचणीने दिले. ३५ देशांतील ४,६८५ रुग्णांमध्ये, लवकर उपचार घेणाऱ्यांत गंभीर आजार व मृत्यू यांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी आढळले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांसाठी उपचारांची शिफारस केली. प्रश्न सुटला होता. त्यानंतरच्या दोन वर्षांचे समर्थन मात्र मला सापडत नाही. डॉ. सॉलोमन यांचे जुलै २०१५ मध्ये निधन झाले. आपल्या केंद्राने ज्या पुराव्याला हातभार लावला, त्याचे धोरण झालेले त्यांना पाहता आले नाही.

आज देशात सुमारे २५ लाख बाधित व्यक्ती आहेत आणि दरवर्षी साठ हजारांहून अधिक नव्या बाधा होतात. औषध नियमित घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचा विषाणूभार दबलेला असतो. साखळी तुटते ती पहिल्याच कडीपाशी : साधारण पाचांपैकी एका बाधित व्यक्तीला आपली स्थिती ठाऊक नाही.

दुसरी कच्ची कडी पुरवठ्याची. विषाणू सुप्त पेशींत दडून राहतो. औषध थांबले की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांत परततो, आणि १९९६ चा तो घसरता आलेख उलट दिशेने चढू लागतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय चाचणीला बंदी केली, भेदभाव निषिद्ध ठरविला. पण निदान व उपचार पुरविण्याच्या कलमात ‘शक्य असेल तितके’ हे शब्द राहिले. बाधितांच्या संघटनांनी त्यांना तेव्हाच हरकत घेतली होती. जुलै २०२२ मध्ये काही औषधांचा तुटवडा पडल्याची तक्रार घेऊन हीच माणसे दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात धरणे धरून बसली. देशभर तुटवडा नाही, असे सरकारचे म्हणणे होते. धरणे महिनाभराहून अधिक चालले.