जवाहर नवोदय विद्यालय निवड चाचणी (पुणे जिल्हा)

जवाहर नवोदय विद्यालय निवड चाचणी ही केंद्र शासनाच्या नवोदय विद्यालय समितीतर्फे इयत्ता सहावीच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी परीक्षा आहे. पुणे जिल्ह्याचे नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यातील पिंपळे जगताप येथे असून बारामती व इंदापूर तालुक्यांतील विद्यार्थी त्याच विद्यालयासाठी ही परीक्षा देतात. एका वर्षी जास्तीत जास्त ८० विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो.

पार्श्वभूमी

ग्रामीण भागातील गुणवंत मुलांना निवासी शिक्षण मिळावे, हा १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील नवोदय योजनेचा हेतू होता. पहिली दोन विद्यालये १९८५-८६ मध्ये झज्जर (हरियाणा) व अमरावती येथे सुरू झाली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी चाळणी परीक्षा घेण्यास मनाई केली. त्याच कायद्यात नवोदय विद्यालयांचा वेगळा प्रवर्ग केलेला असून तेथे चाचणीद्वारे निवड चालू आहे.

परीक्षेचे स्वरूप

दोन तासांच्या या परीक्षेत १०० गुणांचे ८० बहुपर्यायी प्रश्न असतात. मानसिक क्षमता चाचणीस ५० गुण, तर अंकगणित व भाषा यांना प्रत्येकी २५ गुण असतात. मानसिक क्षमतेचे प्रश्न केवळ आकृत्यांवर आधारलेले असल्याने त्यांत भाषेचा अडसर कमी असतो. परीक्षा मराठीतून देता येते.

गणिताची पूर्वतयारी

अंकगणिताच्या अभ्यासक्रमात संख्याज्ञान, मूलभूत क्रिया, अपूर्णांक, दशांश, लसावि-मसावि, मापन, नफा-तोटा, परिमिती व क्षेत्रफळ हे घटक येतात. राज्याच्या २०१२ च्या प्राथमिक अभ्यासक्रमावरील बालभारतीच्या पुस्तकांची मांडणी याहून थोडी वेगळी आहे. पाचवीच्या पुस्तकात दशांश अपूर्णांक, विभाज्य-विभाजक, परिमिती व क्षेत्रफळ हे पाठ उत्तरार्धात येतात; लसावि-मसावि व नफा-तोटा यांची स्वतंत्र प्रकरणे सहावीत आहेत. परीक्षा मात्र पाचवीचे वर्ष संपण्यापूर्वीच होते. २०२४ व २०२५ मध्ये ती महाराष्ट्रात जानेवारीत झाली. त्यामुळे केवळ शाळेच्या क्रमाने शिकणाऱ्या मुलाला काही घटक न शिकताच परीक्षेस बसावे लागते. ही उणीव शिक्षकांच्या जादा तासांनी, पालकांच्या मदतीने किंवा खासगी वर्गांनी भरून निघते, आणि ही साधने सर्वांना सारखी उपलब्ध नसतात.

पात्रता व आरक्षण

किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी व एकतृतीयांश जागा मुलींसाठी असतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग व दिव्यांग यांनाही आरक्षण आहे. विद्यार्थ्याला ही परीक्षा एकदाच देता येते.

ग्रामीण जागेसाठी तिसरी ते पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत पूर्ण व्हावी लागतात. या काळात एक दिवसही शहरी शाळेत शिकलेला विद्यार्थी शहरी गणला जातो. त्यामुळे चांगल्या शाळेसाठी मुलाला खेड्यातून बारामती किंवा इंदापूर शहरातील शाळेत घालणाऱ्या कुटुंबाचा ग्रामीण जागेवरील हक्क जातो.

विद्यार्थी त्याच जिल्ह्याचा रहिवासी असून तेथेच पाचवीत शिकत असावा, अशीही अट आहे. दोन्ही तालुक्यांत साखर कारखाने असल्याने गळीत हंगामात इतर जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगार येतात. त्यांच्या मुलांना पुणे जिल्ह्यातून ही परीक्षा देता येत नाही. मूळ जिल्ह्यातील परीक्षा हंगामाच्या ऐन मध्यावर येते.