लुटुपुटूची सुई

औषधाची परीक्षा घेणे त्या मानाने सोपे: निम्म्या रुग्णांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी द्यायची. सुईचे सोंग कसे वठवायचे?

१८२२ साली चिनी सम्राटाने अ‍ॅक्युपंक्चरला राजवैद्यांच्या संस्थेतून हद्दपार केले होते. १९७१ मध्ये जेम्स रेस्टन या अमेरिकी पत्रकाराचे पेकिंगमध्ये आंत्रपुच्छ काढले गेले, नंतरच्या अस्वस्थतेवर सुया टोचल्या गेल्या, आणि त्याच्या लेखामुळे अमेरिकेत कुतूहल उसळले. (शस्त्रक्रिया नेहमीच्याच भूल देऊन झाली होती, हे सोयीस्करपणे विसरले जाते.) परीक्षा मात्र अडून राहिली. मुद्दाम भलत्या जागी टोचले, तरी ती टोचणीच! अखेर १९९८ साली हायडेलबर्गच्या श्ट्राइटबर्गर आणि क्लाइनहेन्त्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये बोथट सुई मांडली. दाबताच ती आपल्याच मुठीत सरकते. रुग्णाला टोचल्यासारखे वाटते. टोचणाऱ्याला अर्थातच सारे ठाऊक असते.

निद्रानाशात ही उणीव अधिक बोचते, कारण झोप कशी लागली हे बहुधा रुग्णच सांगतो. २०१२ च्या कॉक्रेन समीक्षेत ३३ चाचण्या आणि २२९३ रुग्ण होते. तरीही पुरावा पुरेसा काटेकोर नाही, असाच तिचा निर्वाळा होता. आम्हांला तो सुईचा पराभव वाटत नाही, विजय तर नाहीच. मनगटावरच्या 'शेनमेन' बिंदूवर सुई टोचून घेऊन रुग्ण शांत पडून राहतो, कुणीतरी त्याची आस्थेने विचारपूस करते. त्या रात्री लागलेल्या झोपेत सुईचा वाटा किती, हे त्या ३३ चाचण्यांना नेमके वेगळे काढता आले नाही.