सोडचिठ्ठी आणि चहाघर

क्वान हानछिंग हा तेराव्या शतकातला चिनी नाटककार. त्याच्या एका नाटकात चाओ फान-अर ही गणिका आपल्या मैत्रिणीला, सुंग यिनचांगला, बजावते की चोउ शेच्या गोड बोलण्याला भुलू नकोस. मैत्रीण ऐकत नाही. लग्न करते आणि मार खाते. तिचे पत्र येताच फान-अर नटूनथटून निघते आणि चोउ शेला लग्नाची आशा लावून त्याच्याकडून यिनचांगची सोडचिठ्ठी लिहवून घेते. दारू, मेंढी आणि लाल रेशीम ती स्वतःचेच नेते. त्याने दिलेली वाग्दानाची भेट स्वीकारली, असे उद्या न्यायालयात कुणाला म्हणता येऊ नये. फसगत कळल्यावर तो सोडचिठ्ठी हिसकावून चावून टाकतो, पण ती नक्कल असते.

चिनी दूरचित्रवाणीला या मैत्रीपर्यंत यायला बराच काळ लागला. १९९० साली देशभर गाजलेल्या ‘खवांग’ या पन्नास भागांच्या मालिकेतली ल्यू ह्वेइफांग ही कामगार स्त्री टाकून दिलेले मूल वाढवते आणि सासरचे सारे सोसते. तिचा चांगुलपणा म्हणजे तिचा त्याग. २०११ च्या ‘चन ह्वान च्वान’मध्ये राजवाड्यातल्या सख्या आहेत, पण साऱ्यांचे नशीब एकाच पुरुषाच्या मर्जीवर टांगलेले, म्हणून तिथे मैत्रीही डावपेचात सापडते.

२०१६ च्या ‘ह्वान-ल सुंग’ने जागा बदलली. शांघायमधल्या एका इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर पाच जणी राहतात. कुणी बड्या पदावर, कुणी श्रीमंत बापाची लेक, तर तिघी एकाच घराचे भाडे वाटून घेणाऱ्या. त्यांतल्या फान शंगमेइचा पगार माहेरी भावासाठी जातो. मुलग्याला झुकते माप देणारे घर तिला सुटत नाही, आणि शेजारणी तिला निव्वळ धीर देत नाहीत, खडे बोलही सुनावतात. पैशांचे अंतर या मैत्रीत झाकलेले नाही. हेच या मालिकेचे बळ.

२०२२ च्या ‘मंग ह्वा लू’ने क्वान हानछिंगची कथा पुन्हा हाती घेतली. यिनचांगची सुटका सुरुवातीलाच होते. पुढे फान-अर, यिनचांग आणि सुन सानन्यांग राजधानीत चहाघर उघडतात. सुटकेनंतर जगायचे कसे, खायचे काय, हा प्रश्न मालिकेने नाटकाच्या पुढे नेला.

पण एका बाबतीत ती मागे सरली. नाटकातली फान-अर गणिका होती आणि तिची हुशारी त्या धंद्यात शिकलेली होती. मालिकेतली फान-अर बापाच्या अपराधापायी हीन नोंदवहीत ढकललेली, फक्त कला सादर करणारी आणि ‘निष्कलंक’ आहे. चीनमध्येही यावर वाद झाला, आणि तो योग्यच होता. मैत्रिणीसाठी धावून जाणाऱ्या बाईला आधी शुद्धतेचा दाखला लागतो, असे क्वान हानछिंगला वाटले नव्हते. पडद्यावरच्या सख्यांना आज स्वतःची कमाई आहे, दुकान आहे. डागासकट आपली मानलेली मैत्रीण मात्र त्या जुन्या नाटकातच अधिक ठळक भेटते.