सूरजागडचे लोखंड आणि चांद्याची जमीन

उंच इमारतीला मुख्यतः दोन गोष्टी लागतात : सांगाड्यासाठी पोलाद आणि तो सांगाडा पेलणारी जमीन. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा होण्यापूर्वीच्या अखंड प्रदेशात, पहिली गोष्ट निसर्गाने सढळ हाताने दिली आणि दुसरीच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतला. २०११ मध्ये महानगरपालिका झालेल्या चंद्रपूरने, म्हणजे जुन्या चांदा शहराने, आडवे पसरावे की उभे वाढावे, या प्रश्नाचा विचार करताना लोखंडाचा इतिहास आणि जमिनीचा इतिहास सहसा वेगवेगळे वाचले जातात. ते एकत्र वाचले तरच उत्तराची दिशा दिसते.

एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगररांगेत उच्च प्रतीचे लोहखनिज आहे आणि त्याच डोंगरावर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे स्थान असून तेथे दरवर्षी जानेवारीत यात्रा भरते. या वनप्रदेशात लोखंड गाळण्याचा देशी उद्योग जुना होता. मातीच्या लहान भट्टीत खनिज आणि लाकडी कोळसा यांचे थर रचून भात्याने वारा घातला जाई. त्या उष्णतेत लोखंड वितळत नसे, तर खनिजातील प्राणवायू निघून जाऊन एक सच्छिद्र गोळा तयार होई आणि तो तापलेला असतानाच घणाने ठोकून त्यातील मळी बाहेर काढली जाई. विळा, कुऱ्हाड आणि नांगराचा फाळ यांना हे लोखंड पुरेसे होते. बहुमजली सांगाड्याला लागणारे एकजिनसी पोलाद मोठ्या प्रमाणात मिळवायचे, तर चांगला कोक, म्हणजे हवेविना भाजून कठीण केलेला दगडी कोळसा, त्या काळी हाताशी असावा लागे.

येथेच चांद्याचे घोडे पेंड खाते. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्स या तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोहखनिजावर दिलेला अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचा लोखंडी डोंगर आणि वरोऱ्याचा कोळसा एकत्र आणण्याची कल्पना त्यातूनच त्यांनी मनात धरली. परंतु खाणपट्ट्याच्या तत्कालीन सरकारी अटी जाचक होत्या आणि वरोऱ्याचा कोळसा कोक करण्याजोगा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांच्या तज्ज्ञांनी हा जिल्हा पुन्हा पालथा घातला, तरी शोध अखेर दुर्गमार्गे मयूरभंजला पोहोचला आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला. चांद्याच्या वाट्याला आली ती केवळ पूर्वपीठिका.

श्वार्त्सच्या अहवालानंतर तीनच वर्षांनी, १८८५ मध्ये, शिकागोत होम इन्शुरन्स बिल्डिंग ही भिंतींऐवजी धातूच्या सांगाड्यावर भार तोलणारी दहा मजली इमारत पूर्ण झाली आणि गगनचुंबी इमारतींचा आरंभ तिच्यापासून मानण्याचा प्रघात पडला. चंद्रपूरप्रमाणे शिकागोही सखल होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मिशिगन सरोवराकाठच्या दलदलीत सांडपाण्याचा निचरा होईना, म्हणून १८५०च्या दशकाच्या मध्यापासून तेथे रस्ते आणि उभ्या इमारती जॅक लावून वर उचलण्यात आल्या. पुढे मऊ चिकणमातीवर उंच बांधकाम पेलावे म्हणून रेल्वेचे रूळ आडवे-उभे रचून ते काँक्रीटमध्ये बुजवण्याची पायाची पद्धत रूढ झाली. सखल शहरात उंच बांधता येते, हे शिकागोने सिद्ध केले खरे. पण आधी निचरा, मग पाया आणि त्यानंतर मजले, हा तेथील क्रम उत्साहाच्या भरात विसरला जातो.

चांद्याचे गोंड राजे पाण्याच्या बाबतीत अधिक सावध होते. परंपरेनुसार खांडक्या बल्लाळशहाने वसवलेले हे नगर पश्चिमेची इरई आणि पूर्वेची झरपट या नद्यांच्या मधल्या जागेत आहे. चार दरवाजे आणि पाच खिडक्या असलेला, अनेक पिढ्यांनी पूर्ण केलेला त्याचा दगडी परकोट शत्रूबरोबर पुराचे पाणीही अडवणारा होता. तरीही या जागेचा एक दोष कोणत्याही भिंतीने जात नाही. इरई पुढे वर्धा नदीला मिळते. वर्धेला मोठा पूर आला की तिची पातळी इरईहून वर चढते, इरईचे पाणी पुढे सरकत नाही आणि उलट शहराच्या दिशेने फुगत येते. चंद्रपुरात पाऊस थांबल्यावरही पठाणपुरा आणि रहमतनगरच्या बाजूला पाणी वाढत राहते, ते या फुगवट्यामुळे. २०१३ आणि २०२२ या दोन्ही वर्षांच्या पावसाळ्यात शहराने हा अनुभव घेतला. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखण्याची पद्धत आज आहे. गोंडकाळात नकाशा नव्हता, परकोट होता, आणि तो ओलांडून नदीपात्राकडे सरकलेली वस्ती ही बरीचशी अलीकडच्या काळाची करणी आहे.

उत्तरेकडची जमीन तुलनेने उंच आहे, तेव्हा मनोरे तिकडे बांधावेत असे म्हणणे सोपे आहे. परंतु दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळसा खाणी त्याच बाजूला आहेत, तर महाकाली आणि लालपेठ या खाणी शहराला लागूनच आहेत. भूमिगत खाणीत कोळशाचे खांब ठेवून त्यांच्यामधले गाळे पोखरले जातात आणि शेवटी ते खांबही काढून घेतले जातात. खाणकामगार ज्याला ‘गोफ’ म्हणतात, ती ही कोळसा काढून घेतलेली पोकळी वाळूने नीट भरली नाही, तर वरचे थर कालांतराने खचतात. ऑगस्ट २०२२ मध्ये जिल्ह्यातील घुग्गुस या कोळसा खाणींच्या गावी एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले आणि आसपासच्या कुटुंबांना तेथून हलवावे लागले. त्यातच वरच्या काळ्या मातीचा स्वभाव पावसात फुगण्याचा आणि उन्हाळ्यात भेगाळण्याचा आहे. मातीच्या कौलारू घराची भिंत त्याने तडकते, पण बहुमजली इमारतीचा पाया त्या मातीखालच्या खडकापर्यंत न्यावाच लागतो आणि तो खडक आतून भरीव आहे की नाही, हाच खरा प्रश्न आहे.

इतिहासाचा उपरोध असा की सूरजागडचे खनिज बाहेर पडून पोहोचले ते याच घुग्गुसला. २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्सला मिळाला. स्थानिक ग्रामसभांचा विरोध आणि २०१६ च्या डिसेंबरात माओवाद्यांनी केलेली वाहनांची जाळपोळ यांमुळे काम रखडले, ते २०२१ नंतर वेगाने सुरू झाले. घुग्गुसच्या कारखान्यात या खनिजापासून स्पंज आयर्न बनते. खनिज न वितळवता त्यातील प्राणवायू काढून घेण्याची ही क्रिया तत्त्वतः जुन्या मातीच्या भट्टीचीच असून तिला कोकची गरज नाही. टाटांना अडवणारी अट अशा रीतीने शंभर वर्षांनी निकालात निघाली. गडचिरोली जिल्ह्यात कोनसरी येथे उभ्या राहत असलेल्या लॉइड्सच्या पोलाद प्रकल्पामुळे तर पोलादाची बाजू आणखी भक्कम होत आहे.

पोलाद जवळ आले म्हणून मजले वाढवावेत, हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. पोलाद कोठूनही आणता येते, जमीन आणता येत नाही. उंच इमारतीचे वरचे मजले पुरात कोरडे राहिले, तरी तिचे वीजघर, पाण्याचे पंप, वाहनतळ आणि तेथवर जाणारा रस्ता तळाशीच असतात. शिवाय पूररेषेच्या आतील प्रत्येक भराव पुराचे पाणी शेजारच्या बैठ्या वस्तीत ढकलतो. चंद्रपुरात उंच इमारतींना सरसकट मनाई करण्याचे कारण नाही. परंतु जुन्या-नव्या सर्व भूमिगत खाणींचे नकाशे बांधकाम परवानगीच्या कागदपत्रांना जोडले जाईपर्यंत आणि लाल रेषेच्या आत नवा भराव थांबेपर्यंत शहरात नव्या मनोऱ्यांना परवानगी देऊ नये.